मेंदूतून बाहेर पडताना कोलेस्टेरॉल चेतापेशींना काय सांगून जातं?

रक्ततपासणीचा कागद हातात आला की नजर आधी कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण मेंदूत किती कोलेस्टेरॉल आहे याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नसतं. आणि शरीरात कोलेस्टेरॉल सर्वांत दाटीने कुठे असेल, तर ते मेंदूतच. मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतं. तरी शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के तिथे असतं. प्रौढ माणसाचा मेंदू आणि मज्जारज्जू मिळून हे सुमारे ३० ग्रॅम भरतं.

ही साचलेली चरबी नाही, हे आधी मनात पक्कं करायला हवं. यातला ७० ते ८० टक्के भाग मायलिनमध्ये असतो. मायलिन म्हणजे मज्जातंतूंभोवती गुंडाळलेलं स्निग्ध आवरण. विजेच्या तारेवर जसं रबर, तसं हे आवरण संदेश वाटेत झिरपू देत नाही आणि त्याचा वेग वाढवतं. उरलेलं कोलेस्टेरॉल चेतापेशींच्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या पेशींच्या पटलांमध्ये असतं. दोन चेतापेशींच्या जोडाला, म्हणजे सिनॅप्सला, तर त्याची फार गरज. तिथे संदेशवाहक रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार असतात आणि त्या पिशव्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं.

पण मला या लेखात खरं तर कोलेस्टेरॉलपेक्षा त्याच्यापासून बनणाऱ्या पदार्थांबद्दल सांगायचं आहे. मेंदू कोलेस्टेरॉलच्या रेणूत एखादा छोटा बदल करतो आणि त्यातून जे नवे रेणू तयार होतात, ते चेतापेशींचं वागणं बदलतात. यातला मुख्य रेणू बराच काळ फक्त टाकाऊ माल समजला जात होता. तो टाकाऊ माल आहेही. पण बाहेर जाता जाता तो वाटेतल्या पेशींना बरंच काही सांगून जातो, आणि ते सांगणं थांबलं तर प्राण्यांना नवं शिकणंसुद्धा जड जातं.

आतल्या आत चालणारी व्यवस्था

रक्तात कोलेस्टेरॉल सुटं फिरत नाही. एलडीएल, एचडीएल अशा कणांत बसून ते प्रवास करतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की हे कण आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे खाण्यातलं किंवा यकृताने बनवलेलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या जवळजवळ काहीच उपयोगाचं नाही. मेंदू आपल्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. ॲसिटेटचे छोटे तुकडे जोडत जाणारी ही प्रक्रिया खूप पायऱ्यांची आणि खर्चिक आहे. लहानपणी मायलिन चढत असताना ती जोरात चालते, मोठेपणी मंदावते.

मोठेपणी चेतापेशी या कामाचा बराचसा भार आपल्या शेजारणींवर, म्हणजे तारकापेशींवर सोपवते. या पेशी ताऱ्यासारख्या दिसतात म्हणून त्यांना हे नाव. त्या कोलेस्टेरॉल बनवतात, एपोई नावाच्या प्रथिनाबरोबर त्याची पुडकी बांधतात आणि बाहेर सोडतात. चेतापेशी ती पुडकी उचलून आत घेते.

हे किती महत्त्वाचं आहे, ते २००१ साली फ्रँक फ्रीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून कळलं. बशीत एकट्या वाढवलेल्या चेतापेशी जिवंत राहत, पण आपसांत फारच थोडे सिनॅप्स जोडत. शेजारच्या पेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या, तो द्रव घातला की सिनॅप्सची संख्या एकदम वाढे. द्रवात काहीतरी होतं हे नक्की. एखादं अनोळखी संप्रेरक सापडेल असं कोणालाही वाटलं असतं. शोधाअंती हाती आलं ते कोलेस्टेरॉल, एपोईच्या पुडक्यांत बांधलेलं. चेतापेशी स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल करू शकत होती. मात्र भरपूर सिनॅप्स उभारायचे तर तेवढं पुरत नव्हतं.

आत आलं, आता बाहेर कसं जाणार?

इथे एक अडचण उभी राहते. साखर किंवा साधी चरबी पेशी जाळून टाकू शकते. कोलेस्टेरॉलच्या रेणूत चार कडी एकमेकींत अडकलेली असतात आणि ती कडी मोडायची सोय आपल्या शरीरातल्या कोणत्याच पेशीकडे नाही. यकृत त्याचं पित्ताम्ल करून आतड्यात सोडतं. मेंदूला ही मुभा नाही. मेंदूने बनवलेलं कोलेस्टेरॉल जसंच्या तसं रक्तात उतरू शकत नाही, आणि ते आत साचू देणंही परवडणारं नाही.

मेंदूने काढलेली वाट फार साधी आहे. कोलेस्टेरॉलच्या रेणूला एक शेपूट असतं. त्या शेपटाच्या २४ क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी बसवायची, बस. जो नवा रेणू तयार होतो त्याला २४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल म्हणतात.

एवढ्याने काय फरक पडतो? खूप पडतो. कोलेस्टेरॉलच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जुळवून घेतं आणि बाकी सगळं अंग स्निग्ध असतं. म्हणून तो पेशीपटलात आरामात उभा राहतो: पाणी मानवणारं टोक कडेला, स्निग्ध शेपूट आत. शेपटावर ती जोडी बसली की दुसऱ्या टोकालाही पाण्याची ओढ लागते. आता त्याला पटलात नीट उभं राहता येत नाही. तो सटकतो, एका पटलातून दुसऱ्यात जातो, आणि मूळ कोलेस्टेरॉलपेक्षा कित्येक पट वेगाने रक्तवाहिनीची भिंत ओलांडून रक्तात येतो. तिथून यकृत त्याला उचलून त्याची विल्हेवाट लावतं.

हा रेणू १९५३ साली घोड्याच्या मेंदूत सापडला आणि त्याला सेरेब्रोस्टेरॉल असं नाव मिळालं. त्याचा अर्थ लागायला मात्र ४० वर्षांहून जास्त काळ जावा लागला. १९९६ साली स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत इंगेमार ब्योर्कहेम, डीटर ल्यूटयोहान आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या मेंदूकडे जाणारं रक्त आणि मेंदूकडून परतणारं रक्त यांची तुलना केली. परतणाऱ्या रक्तात हा रेणू जास्त होता. म्हणजे मेंदू तो सतत बाहेर सोडत होता, दिवसाला साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम. १९९९ साली डलासमध्ये डेव्हिड रसेल यांच्या गटाने तो बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक शोधलं. या एन्झाइमचं नाव सीवायपी४६ए१. नाव किचकट असल्यामुळे पुढे मी त्याला नुसतं ‘२४चं एन्झाइम’ म्हणेन.

३० ग्रॅमच्या साठ्यातून रोज ६-७ मिलिग्रॅम. या वेगाने साठा बदलायला वर्षानुवर्षं लागतात, तर रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा निम्मा भाग काही दिवसांतच बदलतो. पण सरासरीवर इथे फसायला होतं. मायलिनमधलं कोलेस्टेरॉल जवळपास हलतच नाही. हालचाल आहे ती चेतापेशींमध्ये, आणि २४चं एन्झाइमही मुख्यतः तिथेच असतं: मेंदूच्या सालीतल्या मोठ्या पेशींत, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये, लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशींत. ज्या पेशी सतत शिकतात, जोडण्या बदलतात, त्यांच्यातच कोलेस्टेरॉलची ये-जा जास्त आहे. हा योगायोग नसावा असं वाटतं ना? संशोधकांनाही तसंच वाटलं.

उंदरांनी दिलेलं अनपेक्षित उत्तर

डलासच्या गटाने २४चं एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले. बाहेरची मुख्य वाटच बंद केल्यावर मेंदूत कोलेस्टेरॉल तुंबेल, हा सरळ अंदाज. तुंबलं नाही. पातळी पूर्वी होती तेवढीच राहिली, कारण बाहेर जाणं घटल्याचं ओळखून मेंदूने नवं कोलेस्टेरॉल बनवणं जवळपास ४० टक्क्यांनी कमी केलं. उंदीर दिसायला, वागायला ठीकठाक होते.

आणि तरीही ते शिकू शकत नव्हते. वाट लक्षात ठेवणं, दोन गोष्टींचा संबंध जोडणं, शरीराच्या हालचालींचं नवं कसब आत्मसात करणं, या सगळ्यांत ते मागे पडले. हिप्पोकॅम्पसच्या चकत्या काढून तपासल्या तेव्हा, वारंवार चेतवल्यावर सिनॅप्स बळकट होण्याची जी प्रक्रिया आठवणींच्या मुळाशी असते, तीच दुबळी निघाली.

कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे आहे, मग बिघडलं काय? हा प्रश्न मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो, म्हणून जरा थांबतो. कोलेस्टेरॉल ज्या साखळीतून बनतं, तिच्या मधल्या एका टप्प्यावर फाटा फुटतो. एक शाखा कोलेस्टेरॉलकडे जाते. दुसरीतून जेरानिलजेरॅनिऑल नावाचा पदार्थ बनतो. पेशीतल्या काही प्रथिनांना हा स्निग्ध तुकडा चिकटवला तरच ती पटलाशी जाऊन आपलं काम करतात. उंदरांच्या मेंदूने कोलेस्टेरॉलचा कारखाना मंद केला तेव्हा साखळीच मंदावली आणि हा फाटाही कोरडा पडू लागला. संशोधकांनी चकत्यांना जेरानिलजेरॅनिऑल दिलं. सिनॅप्सची ताकद परतली. कोलेस्टेरॉल दिलं, काही फरक पडला नाही. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे चेतापेशीला नुसता कोलेस्टेरॉलचा साठा पुरत नाही. ते बनत राहणं आणि निघून जात राहणं तिला हवं असतं. साठा तोच राहिला आणि प्रवाह थांबला, तरी तिचं अडतं.

ग्राहीच्या कानात कुजबुज

इथवर २४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉलचं काम फक्त ‘निघून जाणं’ एवढंच दिसतं. २०१३ साली त्याची दुसरी बाजू समोर आली. ती समजण्यासाठी एनएमडीए ग्राही म्हणजे काय ते पाहू.

ग्राही म्हणजे ठरावीक रसायन ओळखून कामाला लागणारं प्रथिन. हा ग्राही म्हणजे चेतापेशीच्या पटलात बसवलेली एक झडप आहे. ती उघडायला ग्लुटामेट हे रसायन लागतं, ग्लायसिन किंवा डी-सेरीनची साथ लागते, पण एवढ्याने भागत नाही. झडपेच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा एक कण बुचासारखा अडकलेला असतो. पेशी आधीपासून काही प्रमाणात चेतवलेली असेल तरच ते बूच सुटतं. म्हणून ही झडप पूर्ण उघडते ती पलीकडून संदेश आलाय आणि अलीकडची पेशीही जागी आहे, अशा दोन गोष्टी एकाच वेळी घडल्यावर. मग कॅल्शियम आत येतं आणि त्या सिनॅप्सला बळकट होण्याचा इशारा मिळतो. दोन गोष्टींची सांगड घालणं म्हणजे शिकणं, असं म्हटलं तर त्याची सुरुवात इथे होते.

संशोधकांना आढळलं की २४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल या ग्राहीचा जोर वाढवतं. ते ग्लुटामेटच्या जागी बसत नाही. त्याची बसायची जागा वेगळी आहे, आणि ते स्वतः झडप उघडतही नाही. ग्लुटामेट आलं तर झडप अधिक सहज उघडते, एवढंच ते घडवून आणतं. त्यासाठी अगदी थोडी मात्रा पुरते, मेंदूत ते जेवढं असतं त्याच आसपासची. २४चं एन्झाइम नसलेल्या उंदरांत या ग्राहींचं काम कमी भरतं, हेही नंतर दिसलं.

याचा जवळचा नातेवाईक म्हणजे २५-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल. जोडी एका घराने पुढे बसली इतकाच फरक. हा रेणू रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या पेशी बनवतात. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी, विशेषतः संसर्ग किंवा दाह असताना. आणि तो २४च्या रेणूचा एनएमडीएवरचा परिणाम मोडून काढतो. सत्तावीस कार्बनच्या रेणूत एक जोडी इकडची तिकडे झाली आणि कामाची दिशा उलटली.

जोर वाढवणारा रेणू चांगला आणि कमी करणारा वाईट, असा अर्थ मात्र काढू नये. एनएमडीए ग्राही गरजेपेक्षा जास्त उघडे राहिले तर पेशीत कॅल्शियमचा पूर येतो आणि ती मरू शकते. पक्षाघातात आणि अपस्माराच्या दीर्घ झटक्यांत असंच नुकसान होतं. बशीतल्या पेशींवर २४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल भरपूर ओतलं तर त्या मरतात. पेशीला लागतं ते योग्य प्रमाण, योग्य जागी.

म्हणूनच औषध शोधणारे दोन उलट्या दिशांनी एकाच एन्झाइमच्या मागे लागले. काहींनी ते मंद करायचं ठरवलं, अतिचेतना कमी व्हावी आणि झटके थांबावेत म्हणून. सोटिक्लेस्टॅट हे असं औषध. बालवयात सुरू होणाऱ्या ड्रावे आणि लेनॉक्स-गास्टो या अपस्माराच्या दोन कठीण प्रकारांत ते तपासलं गेलं. २०२४ साली तिसऱ्या टप्प्याचे निकाल आले आणि दोन्हींत मुख्य निकष गाठला गेला नाही. ड्रावेमध्ये तो थोडक्यात हुकला. काहींनी उलट ते एन्झाइम तेज करायचं ठरवलं. एचआयव्हीवरचं एफाविरेन्झ हे जुनं औषध अगदी कमी मात्रेत २४चं एन्झाइम जागं करतं, असं क्लीव्हलँडमधल्या इरिना पिकुलेवा यांच्या गटाने दाखवलं आणि अल्झायमरसाठी त्याचा विचार सुरू झाला. तिसरी वाट म्हणजे २४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉलसारखं वागणारा कृत्रिम रेणूच देणं. डालझानेमडॉर नावाचा तो रेणू पार्किन्सन, अल्झायमर आणि हंटिंग्टन या तिन्ही आजारांतल्या विचारशक्तीच्या तक्रारींवर तपासला गेला. २०२४ मध्ये एकामागून एक तिन्हींत अपयश आलं.

ज्या कुटुंबांनी या चाचण्यांवर आशा ठेवली होती त्यांच्यासाठी हे निकाल जड होते, याची जाणीव ठेवूनच मी ते इथे लिहितोय. उंदराच्या मेंदूतली प्रक्रिया नेमकी कळणं आणि माणसाचा आजार कमी होणं यांच्यात फार मोठं अंतर आहे.

शेजारणीला दिलेली वर्दी

चेतापेशीतून सुटलेला २४चा रेणू थेट रक्तात जात नाही. आधी शेजारच्या तारकापेशींतून वाट काढतो. तिथे तो एलएक्सआर नावाच्या ग्राहीला भेटतो. हा ग्राही पेशीच्या केंद्रकात असतो आणि काही जनुकं चालू करतो. त्यांतल्या एकापासून एपोई बनतं, दुसऱ्या काहींपासून कोलेस्टेरॉल पेशीबाहेर काढणारे पंप. त्याच वेळी चेतापेशीतल्या नव्या कोलेस्टेरॉलच्या निर्मितीलाही २४चा रेणू लगाम घालतो. एका रेणूने दोन्ही बाजूंना खबर पोचते: शेजारणीला कळतं की इकडे उलाढाल चालू आहे, पुडकी तयार ठेव, घरात कळतं की तूर्त बनवणं थांबव.

एपोईचं नाव आलं की अल्झायमर आठवतोच. १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की या प्रथिनाचा ‘ई४’ हा प्रकार ज्यांना वारशाने मिळतो त्यांना उतारवयातल्या अल्झायमरचा धोका जास्त असतो. ई४ असला म्हणजे आजार होणारच असं नाही. पण उतारवयातल्या या आजाराचा वारशाने येणारा हा सर्वांत मोठा ज्ञात धोका कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या प्रथिनात सापडला, यावरून मेंदूच्या आरोग्यात या वाहतुकीचं वजन किती ते कळतं.

बाहेरून आत येणारा रेणू

रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, असं मी वर लिहिलं. त्याचा बदललेला अवतार मात्र शिरतो. शरीरातल्या इतर बहुतेक पेशी शेपटाच्या टोकाला, २७व्या कार्बनवर, ती जोडी बसवतात. हे २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल रक्तातून मेंदूत उतरतं, दिवसाला साधारण ५ मिलिग्रॅम. मेंदू त्यात आणखी बदल करून त्याचं एक आम्ल बनवतो आणि ते परत पाठवतो. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त असलं तर २७चा रेणूही जास्त असतो. म्हणजे दार बंद असलं तरी रक्तातल्या परिस्थितीची चाहूल आत लागतेच.

उंदरांमध्ये या रेणूचं प्रमाण खूप वाढवलं तर हिप्पोकॅम्पसच्या पेशी ग्लुकोज कमी घेतात आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत उंदीर कमी पडतात. डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल हे बदलता येण्याजोग्या १४ धोक्यांच्या यादीत घातलं. त्यामागे रक्तवाहिन्यांचं नुकसान हे मोठं कारण आहेच. २७चा रेणू हा दुसरा संभाव्य दुवा म्हणून अभ्यासला जातो आहे.

मग २७चं एन्झाइम नसतंच तर बरं झालं असतं का? याचं उत्तर निसर्गाने दिलं आहे, आणि ते क्लेशकारक आहे. सेरेब्रोटेन्डिनस झँथोमॅटोसिस या दुर्मीळ आनुवंशिक आजारात हेच एन्झाइम निकामी असतं. १९३७ साली त्याचं वर्णन झालं. एन्झाइम नसल्यामुळे यकृतात पित्ताम्लं नीट बनत नाहीत, मधलेच पदार्थ साचतात, त्यांतला एक मेंदूत शिरतो आणि त्याचं कोलेस्टॅनॉल होतं. कोलेस्टेरॉलशी अगदी मिळताजुळता, पण मेंदूला न मानवणारा हा पदार्थ वर्षानुवर्षं साचत राहतो. सुरुवात बहुतेकदा तान्हेपणी होते, न थांबणाऱ्या जुलाबांनी. मग शाळकरी वयात मोतीबिंदू. पुढे टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, गाठी, तोल जाणं, पाय ताठरणं, बुद्धीची घसरण.

मी हे सविस्तर सांगतोय कारण या आजारावर उपाय आहे. कमी पडणारं एक पित्ताम्ल, किनोडीऑक्सिकोलिक आम्ल, तोंडाने दिलं की यकृताला ‘पुरे’ असा इशारा मिळतो आणि साचणं थांबतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये या आजारासाठी त्याला मंजुरी दिली. डॉक्टर ते त्याआधीही कित्येक वर्षं वापरत होते. लवकर सुरू केलं तर चेतापेशी वाचतात. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. लहान मुलाला दीर्घकाळ जुलाब आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू अशी जोडी दिसली तर रक्तातल्या कोलेस्टॅनॉलची तपासणी करायला हवी, हे जितक्या लोकांना माहीत असेल तितकं चांगलं.

शांत करणारे रेणू

आतापर्यंत शेपटावर जोडी बसवण्याबद्दल बोललो. मेंदू कधी कधी शेपूट कापूनच टाकतो. मायटोकाँड्रियामध्ये हे काम होतं आणि त्यातून प्रेग्नेनोलोन, मग प्रोजेस्टेरॉन, मग ॲलोप्रेग्नॅनोलोन अशी पायरी-पायरीने स्टेरॉइडं तयार होतात. स्टेरॉइड म्हटलं की अंडाशय, वृषण, अधिवृक्क ग्रंथी आठवतात. मेंदूही ती बनवतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोल्यू यांनी दाखवलं आणि १९८१ साली त्यांना न्यूरोस्टेरॉइड म्हटलं.

ॲलोप्रेग्नॅनोलोन गाबा-ए ग्राहीला धरतं. चेतापेशींना शांत करणारी ही मेंदूतली मुख्य झडप. ती जास्त वेळ उघडी राहिली की पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. गरोदरपणात या रेणूची पातळी खूप वाढते आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत कोसळते. काही स्त्रियांचा मेंदू या घसरणीशी जुळवून घेऊ शकत नाही, आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं हे एक कारण असू शकतं. याच विचारातून ब्रेक्सॅनोलोन हे औषध आलं. ते म्हणजे ॲलोप्रेग्नॅनोलोनच, ६० तास शिरेतून सोडायचं. अमेरिकेत २०१९ साली त्याला मंजुरी मिळाली. २०२३ साली झुरॅनोलोन आलं, १४ दिवस घ्यायच्या गोळ्यांच्या रूपात. बाळंतिणीचं नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा नाही, हे पटवून द्यायला याहून ठोस पुरावा क्वचितच मिळेल.

मग गोळ्यांचं काय?

हे सगळं वाचल्यावर स्टॅटिन घेणाऱ्यांच्या मनात भीती येणं स्वाभाविक आहे. मेंदूला कोलेस्टेरॉल इतकं लागतं, ते बनत राहणंही गरजेचं आहे, आणि आपण तर ते बनवणं रोखणारी गोळी घेतोय! इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मेंदूचा साठा रक्तातून येत नाही, त्यामुळे रक्तातली पातळी उतरली म्हणून मेंदू उपाशी पडत नाही. काही स्टॅटिन थोड्या प्रमाणात मेंदूत पोचतात हे खरं, पण मोठ्या चाचण्यांत त्यांच्यामुळे स्मरणशक्ती घटल्याचं दिसलेलं नाही. गोळी सुरू केल्यावर विसराळूपणा वाटल्याचं थोडे लोक सांगतात; बंद केल्यावर तो जातो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. बशीतल्या चकत्यांवरचे प्रयोग वाचून स्वतःहून गोळी बंद करणं मात्र धोक्याचं आहे, कारण त्याने हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात, आणि पक्षाघातात चेतापेशी एकदम लाखोंनी मरतात.

रक्तात दिसणारी मेंदूची खूण

२४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल जवळजवळ संपूर्णपणे मेंदूतून येतं, आणि ते रक्तात मोजता येतं. मेंदूला हात न लावता आतल्या चेतापेशींची स्थिती कळू शकेल, म्हणून संशोधकांना त्याचं आकर्षण आहे.

हंटिंग्टनच्या आजारात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. या आजारात मेंदूच्या खोलवरच्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी मरत जातात. रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये २४चं एन्झाइम कमी आढळतं, रक्तातली २४च्या रेणूची पातळी खाली जाते, आणि तो भाग एमआरआयमध्ये जितका आक्रसलेला दिसतो तितकी ती अधिक खाली असते. आजारी उंदरांच्या स्ट्रायटममध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत २४च्या एन्झाइमचं जनुक पोचवलं तेव्हा त्यांच्या चेतापेशी तगल्या आणि हालचाली सुधारल्या. माणसांवर हीच पद्धत सुरुवातीच्या टप्प्यात तपासली जात आहे.

अल्झायमरमध्ये चित्र इतकं सरळ नाही. आजार खूप पुढे गेल्यावर चेतापेशीच कमी उरतात आणि पातळी घसरते. त्याआधीच्या टप्प्यांत वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय हा रेणू रक्तात किती दिसेल ते मेंदू किती सोडतो यावर जितकं अवलंबून, तितकंच यकृत किती उचलतं यावरही. लहान मुलांच्या रक्तात तो मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू मोठा आणि यकृत तेवढं मोठं नसतं. त्यामुळे एका माणसाच्या एका दिवसाच्या आकड्यावरून त्याच्या मेंदूबद्दल काही ठरवता येत नाही, आणि म्हणूनच नेहमीच्या तपासणीच्या कागदावर हा आकडा अजून आलेला नाही.